फौशेच्या बदल्यात आलेला नंबर

मी, काझिमिर फ्लोरियन डोब्रोस्की, वय तेवीस, राहणार हार्लन बे, गावात कॅझ या नावाने बदनाम, आज पूर्ण शुद्धीत आहे. सकाळच्या गोळीने थोडं तरंगल्यासारखं वाटतंय, पण नर्स म्हणाली तेवढं चालतं. माझा हात कोणी पिरगाळलेला नाही. तरी सामानाच्या आधी एक कबुली देतो, कारण हे सगळं त्या कबुलीसाठीच लिहितोय. मी माझ्या आजोबांच्या रेडिओत खोटी बातमी घातली. एकदाच नाही, दर वर्षी घालतो. परवा पुन्हा घालायची आहे आणि उद्या माझी छाती उघडणार आहेत.

छातीतली एक झडप जन्मापासून गळकी आहे. ती काढून डुकराची बसवणार. दाखल होताना खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "मृत्युपत्र केलंयस का रे बाळा?"

म्हटलं, "माझ्याकडे देण्यासारखं आहे काय?"

"सगळ्यांनाच विचारतात. घाबरू नकोस."

तोवर मी घाबरलो नव्हतो. खाटेवर येऊन पडलो, खिडकीतून तळ्यावरचे बर्फाचे तुकडे वाहत जाताना दिसले, आणि मग लक्षात आलं की देण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि ती घ्यायला कोणी तयार नाही.

तर माझ्या पश्चात असं व्हावं.

घर. स्थावर मालमत्ता म्हणाल तर बर्फावर उभी करायची मासेमारीची खोपटी, निळ्या रंगाची, एक खिडकी असलेली. ती जानेवारी ते मार्चच असते. तळं गोठलं की घर आहे, वितळलं की लाकडं आहेत. ती आणि बर्फाला भोक पाडायचं गिरमिट डेल हॅनिगनला द्यावं. डेल माझा जिगरी दोस्त, चीजच्या कारखान्यात कामाला. खोपटीत एकटं बसून सिगरेट ओढू नये, एवढीच अट. त्याचा खोकला फार वाढलाय, आणि त्याच्या घशाची मला गरज आहे. का ते पुढे येतं.

बचत. नाही.

आईवडील. मी लहान असताना दोघं ॲरिझोनाला ऊन खायला गेले ते तिकडचेच झाले. बदल्यात आम्हाला काही आलं नाही. त्यांना मी माफ केलंय, वडिलांनी जाताना नेलेला माझा बेसबॉलचा हातमोजा सोडून. तो परत पाठवावा.

आता मुख्य गोष्ट.

मी आणि माझी मोठी बहीण टेसा आजोबांकडे वाढलो. त्यांना आम्ही जाजा म्हणतो, आजीला बुशा म्हणायचो. इतर पोरांना झोपताना परीच्या गोष्टी सांगायचे, जाजा आम्हाला स्टर्जन्सच्या अदलाबदली सांगायचे. स्टर्जन्स म्हणजे आमचा फुटबॉलचा संघ, हेल्मेट घालून खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलचा, नाव तळ्यातल्या माशाचं. दिवा मालवला की जाजांचा आवाज यायचा, कोण कोणाच्या बदल्यात गेला, मग त्याच्या बदल्यात कोण आला, मग तो कोणाच्या बदल्यात गेला. ऐकता ऐकता डोळे मिटायचे आणि माणसं एकमेकांत विरघळत जायची.

सुरुवात नेहमी बूग हार्ट्झपासून. हा अनवाणी पायाने चेंडू मारायचा, बर्फ पडत असलं तरी. एका डिसेंबरात त्याने मारलेला चेंडू खांबांमधून गेला, वरच्या बाकांपर्यंत आला आणि एका अनोळखी मुलीच्या मांडीत पडला. शेजारी जाजा बसलेले.

मुलगी म्हणाली, "तुमचा आहे का हा?"

जाजा म्हणाले, "नाही, पण तुम्हाला जड होत असेल तर मी धरतो."

ती बुशा. म्हणजे हार्ट्झचा पाय वाकडा पडला असता तर मीही नसतो.

पुढच्या उन्हाळ्यात संघाने हार्ट्झला टेक्सासला देऊन टाकलं. बदल्यात सिनेमा दाखवायचं एक यंत्र आणि ड्राफ्टमधला दुसऱ्या फेरीचा नंबर. ड्राफ्ट म्हणजे एप्रिलमध्ये सगळे संघ नंबराप्रमाणे कॉलेजातली पोरं उचलतात तो दिवस. गंमत अशी की तो नंबर आधीच देऊन टाकता येतो, पुढच्या वर्षीचाच काय, त्याच्या पुढचाही. म्हणजे जो पोरगा अजून शाळेत गणितात नापास होतोय, त्याला इकडे कोणीतरी देऊन मोकळं झालेलं असतं आणि त्याला पत्ताच नसतो.

"तूही कोणाच्या तरी बदल्यात आलायस," जाजा मला म्हणायचे.

"कोणाच्या?"

"अजून जाहीर नाही झालं. झोप."

त्या नंबरावर लेम्युएल टेट आला. त्याला सगळे 'दार' म्हणायचे, कारण त्याच्या पलीकडे काही जायचं नाही. दार म्हातारं झालं तेव्हा त्याचे दोन नंबर आले. एका नंबरावर आलेला पोरगा बसमधून उतरला, तळ्यावरचा वारा तोंडावर घेतला आणि त्याच बसमध्ये परत चढला. दुसऱ्यावर आला सायलस क्रौडर. तो इतका हलका पळायचा की ताज्या बर्फावर त्याचे ठसे उठायचे नाहीत, हे जाजा शपथेवर सांगतात. क्रौडर गेला, त्याच्या बदल्यात दुसरा आला, असं होत होत ही दोरी डेरिल फौशेपर्यंत आली. फौशे मागे उभा राहून चेंडू अडवायचा. फार काही नव्हता. पण दोरीचं टोक त्याच्या हातात होतं, आणि दुसरं टोक, जाजा म्हणायचे, बुशाच्या मांडीत.

बुशा ज्या उन्हाळ्यात गेली, त्याच उन्हाळ्याच्या शेवटी संघाने जास्तीची माणसं कमी केली, त्यात फौशे होता. त्याला विकला नाही, बदलला नाही, लॉकर रिकामा कर म्हणून सांगितलं. बदल्यात काही आलं नाही. एवढी वर्षं टिकलेली दोरी संपली. पेपरात दोन ओळी आल्या.

जाजांना तेव्हा डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं आणि हृदय दमलं होतं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ख्रिसमस बघतील की नाही सांगता येत नाही. जाजा रोज संध्याकाळी रेडिओ लावून विचारायचे, "फौशेचं काय केलं रे?" आणि मी म्हणायचो, "अजून काही नाही." त्या दिवशी तसं म्हणता येणार नव्हतं.

डेलचा आवाज रेडिओवरच्या स्पोर्ट्सवाल्या माणसासारखा आहे. त्याच आवाजात त्याने एकदा शाळेत फोन करून वादळाची सुट्टी जाहीर करवली होती आणि दोघंही घरी बसलो होतो, पुढे सक्तीने आठवडाभर बसलो. डेलच्या गाडीत काचा वर करून आम्ही कॅसेट भरली. जाजांचा रेडिओ कॅसेटवालाच आहे. बातम्यांच्या वेळेला मी बटण दाबलं आणि डेल बोलला, "स्टर्जन्सनी डेरिल फौशेला पश्चिमेकडे धाडलंय. बदल्यात अटींवरचा नंबर. तपशील नंतर."

जाजांनी मान वळवली. "अटींवर? कसल्या अटी?"

"तपशील नंतर म्हणतोय."

"मेला, कधी पूर्ण सांगणार नाही." मग म्हणाले, "चला. फुकट नाही गेला." आणि उशीवर डोकं टेकून, "त्या नंबरावर कोण येतोय तेवढं बघतो. मग जाऊन तिला सांगतो."

हे ऐकलं आणि तिथेच मला सगळी युक्ती सुचली.

अटींवरचा नंबर ही चीज खरी असते, मी बनवलेली नाही. गेलेला माणूस तिकडे किती खेळतो, त्यावर नंबर कितवा आणि कधीचा ते ठरतं. तेव्हा पहिल्या एप्रिलमध्ये डेल बोलला, फौशे पुरेसे सामने खेळला नाही, नंबर एक वर्ष पुढे. दुसऱ्या एप्रिलमध्ये फौशेचा गुडघा. नंबर पुढे. त्याच्या पुढच्या वर्षी तिकडच्या संघाने हरकत घेतली, लवाद बसला. लवाद हा शब्द डेलला म्हणता येईना, चार वेळा भरलं. फौशे खरं तर कधीच खेळ सोडून गावी गेलाय आणि होड्या विकतो. आणि जाजा अजून आहेत. डॉक्टर येतात, नाडी बघतात, माझ्याकडे बघतात. मी खांदे उडवतो. नाव जाहीर झालं की जाजा उठून जातील. म्हणून जाहीर होत नाही.

परवा ड्राफ्ट आहे. कॅसेट तयार आहे, इथेच माझ्या उशाखाली. फक्त एकाने बटण दाबायचं आहे.

टेसा. माझी बहीण रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवते आणि चुकून जास्त सुटे आले तर दुकानात परत जाते. तिला गेल्या महिन्यात कॅसेटचं डबडं सापडलं. इथे, याच खाटेपाशी, काल तिने माझी हजेरी घेतली.

"किती वर्षं त्यांना एका नंबराला लटकवून ठेवणार आहेस?"

"लटकलेत म्हणून तर आहेत."

"खोटं आहे ते, कॅझ! त्यांना खरं कळायचा हक्क आहे."

"आणि बर्फावर ठसे न उठणारा माणूस खरा होता?"

"तो वेगळा."

"कसा वेगळा?"

यावर ती माझी चादर नीट करत बसली. मग म्हणाली, "तू बरा हो आणि स्वतः सांग. नाहीतर गुरुवारी मी सांगते." वाक्य तोंडातून निघालं आणि तिलाच कळलं ते कुठे गेलं. 'नाहीतर' म्हणजे काय, हे आम्ही दोघांनी बोलायचं टाळलं. तिने सफरचंद कापलं, आणि सगळं मीच खाल्लं.

तर टेसाला मी काही देत नाही. तिच्याशी अदलाबदल करतो. आमच्या घरात ड्राफ्टच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेच चालायचं. जाजा पातेल्यावर चमचा वाजवायचे आणि आम्ही आंघोळीचा पहिला नंबर, गाडीतली पुढची सीट, टर्कीची तंगडी, सगळं अदलाबदलीला काढायचो. मी नऊ वर्षांचा असताना टेसाने आयुष्यभराची पुढची सीट माझ्याकडून एका मेलेल्या बेडकाच्या बदल्यात घेतली. बेडूक चांगला होता, पण तरी ती फसवणूक होती. जाजांनी सौदा पक्का म्हणून चमचा वाजवला, तेव्हा मी मुकाट्याने मागे बसतो, आजपर्यंत.

माझ्याकडून: स्टर्जन्सच्या मैदानातली बुशाची कायमच्या तिकिटाची जागा, जाजांच्या शेजारची, तिच्या मृत्युपत्राने मला आलेली. आमच्या गावात पोरगं जन्मलं की त्याच्या बारशाआधी तिकिटाच्या यादीत नाव घालतात, आणि तिकीट मिळेतो त्याला नातवंडं होतात. घाई असेल तर कोणीतरी मरावं लागतं. बुशाने तिच्या कागदात लिहिलं होतं, 'कॅझला, कारण टेसाला थंडी वाजते.' टेसाने हे अजून मनात ठेवलंय, मला माहीत आहे. तर घे. थंडी तुझी.

तिच्याकडून: परवा संध्याकाळी एक बटण. बाई, तू खोटं बोलू नकोस. तू तोंडच उघडू नकोस. जाजांनी विचारलं तर खिडकीबाहेर बघ, तळ्यात बर्फ किती राहिलाय ते सांग, ते खरंच असेल. पुढच्या काही वर्षांच्या कॅसेटी आम्ही खोपटीत बसून भरून ठेवल्यात, मागे बर्फ कडकडतोय तो रेडिओची खरखर म्हणून खपतो. त्या संपल्या तर डेल आहे.

बेडूक परत मागत नाही.

झडप. माझी जुनी झडप कोणी ठेवणार असेल तर ठेवावी, नसेल तर काय करायचं ते हॉस्पिटल बघेल. मी डुकराची घेतोय आणि माझी देतोय. यात कोण फसलं, ते जाजांच्या हिशेबाने इतक्यात कळत नाही. ते म्हणतात, अदलाबदल झाली त्या दिवशी जो हसतो त्याच्याकडे बघू नये, दहा वर्षांनी कोण हसतोय ते बघावं.

शेजारच्या खाटेवर आर्वो पेल्टोला म्हणून गृहस्थ आहेत, वय झालेले, पित्ताशय काढलेले. चांगला माणूस, पण आयर्न सिटीच्या संघाचा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे क्रौडर आम्ही त्यांच्या तोंडातून पळवला. सकाळपासून तीन वेळा भांडलो.

"अरे, तुमच्या दारानं आमच्या पोरांचे गुडघे मोडले!"

"दार होतं ते, काका. त्याला कोण धडकायला सांगतं?"

त्यांना माझ्या पिशवीतले चीजचे तळलेले गोळे मी आत्ताच दिले, ते या कागदात धरू नयेत. त्यांना खायला मनाई आहे, म्हणूनच.

आता एक गोष्ट लिहितो, ती कुठल्या कलमात बसते माहीत नाही. दुपारी गोळीच्या गुंगीत मी तळ्यावर होतो. तळं गोठलेलं, पलीकडचा काठ नेहमीप्रमाणे दिसत नव्हता. बर्फावरून माणसं एका रांगेत चालली होती. सगळ्यांत पुढे हार्ट्झ, अनवाणी, त्याच्या एका पायाची वाफ निघत होती. मागे टेट, रुंदच्या रुंद. मग तो बसवाला पोरगा, हातात बॅग. मग क्रौडर, त्याचे खरंच ठसे उठत नव्हते. प्रत्येक जण डोक्यावरचं हेल्मेट काढून मागच्याला देत होता, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. शेवटी फौशे. त्याने हेल्मेट काढून मागे धरलं. मागे एक स्टर्जन्सचा सदरा चालत येत होता. आत कोणी नव्हतं. पाठीवर नाव नव्हतं. पण चालत होता, बाह्या हलत होत्या, आणि घाई अजिबात नव्हती. आणि रांगेच्या पुढे, जिथे काठ असायला हवा तिथून, बुशाचा आवाज आला, "तुमचा आहे का हा?" कोणी उत्तर दिलं नाही. मला वाटलं मीच द्यावं. तेवढ्यात नर्सने रक्तदाब घ्यायला माझा हात उचलला.

मला त्या सदऱ्याची भीती नाही वाटली. फक्त एवढं वाटलं, तो माझ्या मापाचा होता.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिलंय, खाडाखोड माझीच आहे, आणि आधी कधी दुसरं केलेलं नाही. याच्या अंमलबजावणीचं काम डेल हॅनिगनने करावं. मी खाली सही करतो ती दोन साक्षीदारांसमोर.

काझिमिर फ्लोरियन डोब्रोस्की

साक्षीदार: आर्वो पेल्टोला ("वाचलेलं नाही. फक्त पोरगं सही करताना पाहिलं. आयर्न सिटी झिंदाबाद.")

साक्षीदार: फ्लोरियन डोब्रोस्की

हार्लन बे, मंगळवार, २३ एप्रिल २०१९

सह्यांच्या खाली लिहिलेलं कायद्यात बसतं की नाही मला माहीत नाही, पण दुसरी सही कशी झाली ते सांगायलाच हवं.

साक्षीदार दुसरा कोणी मिळेना. नर्सना सही करायला मनाई, डेलला खोपटी आणि टेसाला जागा देतोय म्हणून त्या दोघांची सही चालत नाही. संध्याकाळी टेसा जाजांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. जाजांना मी या कागदात काहीच देत नाही. म्हणजे या गावात हा कागद ज्याला कधीही कळू नये असा एकच माणूस, आणि सही चालणारा उरलेला एकच माणूस, तोच.

जाजांना दिसत नाही, तरी मी जेवणाचा ट्रे कागदावर ठेवला, खालची ओळ तेवढी उघडी ठेवली. टेसा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"काय लिहिलंयस?" जाजांनी विचारलं.

"तुमच्यासाठी काही नाही."

"बरं. मग देतो सही." मी त्यांचं बोट धरून ओळीवर नेलं. त्यांनी हळूहळू नाव काढलं. ट्रेच्या कडेला त्यांचा हात लागत होता, सूप डचमळत होतं. पेन खाली ठेवायच्या आधी म्हणाले, "यात एक अट घाल."

"कसली?"

"उद्या तू उठलास तर हे सगळं रद्द. आणि माझा नंबर एक वर्ष पुढे." मग छातीतून आवाज काढत, अगदी रेडिओवर काढतात तसा, "तपशील नंतर."

पेल्टोला काका हसले. टेसा वळली नाही.

खुर्ची दारापर्यंत गेली, तेव्हा जाजांनी हात वर करून ती थांबवली. "आणि ऐक. त्या रेडिओवाल्याचा खोकला बरा नाही. गेल्या एप्रिलमध्ये फार खोकत होता. मध घालून चहा घे म्हणावं."

"कोणाला म्हणू, जाजा?"

"ज्याला म्हणायचं त्याला. आणि टेसा, घरी जाताना पुढच्या सीटवर मी बसणार."

"बसा," टेसा म्हणाली. दाराबाहेर गेल्यावर ती एकटीच परत आत आली, माझ्या उशाखालचं कॅसेटचं डबडं काढलं, यंदाची कॅसेट वर आहे ना ते बघितलं, डबडं पर्समध्ये टाकलं आणि गेली.

आता कोर्टातल्या बाई, किंवा बुवा, जे कोणी हे उघडाल ते. असे कागद तुमच्याकडे आले की सगळ्यांना बघायला मोकळे असतात, असं पेल्टोला काका सांगतात. तरी तुमच्या पाया पडतो. डोब्रोस्कींच्या घरी यातलं काही बोलू नका. चर्चमध्ये नाही, शुक्रवारी मासे खायला जमता तिथे तर मुळीच नाही. जाजांना सांगू नका की मी खोटं बोललो. आणि मी उद्या उठलो, तर मलाही सांगू नका की त्यांना माहीत होतं.